मराठीतलं ‘तोंड’ कसं वापरायचं: नव्याने बोलू लागलेल्यांसाठी

मराठी वाचता येतं, समोरच्याचं बरंचसं कळतंही, पण बोलायला गेलं की वाक्य हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या वळणाने जातं, अशांसाठी हा लेख आहे. नोकरीनिमित्त पुण्या-नागपुरात आलेली माणसं, लग्न होऊन मराठी घरात आलेल्या मुली, बंगळुरूत किंवा परदेशात वाढलेली मराठी घरांतली मुलं, सगळ्यांची अडचण साधारण एकाच जागी असते. शब्द पाठ असतो, पण त्याला काय जोडायचं आणि पुढे कुठलं क्रियापद घ्यायचं ते माहीत नसतं.

म्हणून एकच शब्द घेऊन तो नीट पाहू या: तोंड. रोज लागणारा, आणि अर्थांनी गच्च भरलेला. माझं म्हणणं असं की तोंड या शब्दाचा अर्थ एकटा पाठ करून काही उपयोग नाही. तोंडात, तोंडावर, तोंडाला, तोंडी, तोंडचा ही पाच रूपं पाच वेगळे शब्द असल्यासारखी, त्यांच्या क्रियापदासकट शिकायला हवीत. बाकी सगळं त्यामागून येतं.

पहिली पायरी: लिंग पक्कं करा

तोंड नपुंसकलिंगी आहे. ते तोंड, माझं तोंड, तोंड सुकलं, तोंड गोड झालं. हिंदीतला ‘मुँह’ पुल्लिंगी असल्याने हिंदी भाषकांच्या बोलण्यात ‘माझा तोंड’ हमखास येतं, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. अनेकवचन तोंडं, औपचारिक लेखनात तोंडे. प्रत्यय लावताना शब्द ‘तोंडा’ होतो आणि मग तोंडाला, तोंडाने, तोंडातून, तोंडाचा अशी रूपं तयार होतात. हे सामान्यरूप झाड, घर, पान या शब्दांसारखंच आहे, त्यामुळे इथे अडायचं कारण नाही.

प्रदेशाप्रमाणे प्रत्यय बदललेला कानावर येईल. मालवणीत तोंडाला न म्हणता ‘तोंडाक’ म्हणतात, वऱ्हाडीत ‘तोंडाले’. गोव्यात कोकणीतही शब्द तोंडच आहे. तुम्ही बोलताना प्रमाण रूप वापरा, पण ही रूपं ऐकून ओळखता यायला हवीत.

दुसरी पायरी: ओठांच्या आतलं की अख्खा चेहरा?

दोन्ही. दंतवैद्य तोंडातले दात तपासतो तेव्हा तोंड म्हणजे ओठांच्या आतलं. कुणी तोंड पाडून बसलं असेल तर तो पडलेला चेहरा. कुठला अर्थ घ्यायचा ते वाक्यावरून ठरतं, आणि कधी कधी घड्याळावरूनही. सकाळी घरात ‘तोंड धुतलंस का?’ असं विचारलं तर बऱ्याच घरांत त्यात दात घासणं धरलेलं असतं. तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नाही, तो या अर्थाने. तोच प्रश्न संध्याकाळी बाहेरून आल्यावर विचारला तर चेहऱ्यावर पाणी मारून ताजं होणं एवढाच अर्थ. तेव्हा बहुधा ‘हातपाय-तोंड धुऊन घे’ असं म्हणतात. नुसतं पाणी तोंडात खेळवून टाकायचं असेल तर त्याला ‘चूळ भरणं’ म्हणतात, तिथे तोंड हा शब्द लागतही नाही.

चेहरा आणि मुख हे शेजारचे शब्द. चेहऱ्याच्या सौंदर्याबद्दल, फोटोबद्दल, हावभावांबद्दल बोलताना चेहरा म्हणावं: ‘तिचा चेहरा बोलका आहे.’ इथे तोंड घातलं तर कौतुकाची वाट लागते. मुख हा शब्द देवाधर्माच्या आणि ग्रंथातल्या भाषेत राहतो. पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनासाठी पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन अशा वेगळ्या रांगा असतात. तिथे तोंडदर्शन असं कुणी म्हणणार नाही. लग्नात सासू आरशात नव्या सुनेचा चेहरा पाहते त्या विधीला सूनमुख म्हणतात. जेवणानंतरची बडीशेप किंवा विडा म्हणजे मुखशुद्धी. हे शब्द तयार मिळतात तसे घ्यावेत, त्यात मुखाच्या जागी तोंड बसवू नये.

गंमत अशी की तोंड हा शब्दही संस्कृतातूनच आलेला आहे. मूळ शब्द तुण्ड, म्हणजे चोच किंवा सोंड. गणपतीच्या वक्रतुंड या नावात तो अजून जसाच्या तसा आहे.

तिसरी पायरी: प्रत्यय पाहा

इथे वेळ द्या. सुरुवात पाण्यापासून करू. ‘तोंडावर पाणी मार’ म्हणजे झोप जावी म्हणून चेहऱ्यावर पाणी शिंपड. ‘तोंडाला पाणी सुटलं’ म्हणजे खावंसं वाटलं. ‘तोंडचं पाणी पळालं’ म्हणजे घाबरगुंडी उडाली. तोंड तेच, पाणी तेच. प्रत्यय आणि क्रियापद बदललं की माणूस झोपेतून उठतो, भुकेजतो किंवा घाबरतो. हे तीन नमुने आधी मोठ्याने म्हणून पाहा.

तोंडाला: या रूपात तोंडाला काहीतरी होतं किंवा लागतं. तापातून उठल्यावर तोंडाला चव नसते. भाषण द्यायच्या आधी तोंडाला कोरड पडते. जिना चढून चढून तोंडाला फेस येतो. वर्तमानपत्रात नेहमी दिसणारा वाक्प्रचार म्हणजे ‘तोंडाला पाने पुसणे’. आश्वासन देऊन शेवटी काहीच न देणं, असा त्याचा अर्थ. अर्थसंकल्प जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या जिल्ह्याच्या तोंडाला पाने पुसली, असं कुठलातरी पुढारी म्हणतोच. तोंडी बोलताना ‘पानं पुसली’.

तोंडात: इथे नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत होते, कारण ‘त’ प्रत्यय आला म्हणजे गोष्ट आत गेली असं वाटतं. ‘त्याने तोंडात मारली’ म्हणजे गालावर चपराक दिली. आत काही गेलेलं नाही. ‘तोंडात बोटं घातली’ म्हणजे आश्चर्याने थक्क झाले. ‘त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही’ म्हणजे त्याच्या पोटात गुपित राहत नाही, ऐकलं की सांगून मोकळा. ‘तोंडातल्या तोंडात बोलू नकोस’ म्हणजे पुटपुटू नकोस, स्पष्ट बोल. हे शेवटचं वाक्य शाळेत वर्गात उभं राहून उत्तर देणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं.

तोंडावर: याचे तीन उपयोग वेगळे ठेवा. एक, समोरासमोर, भीड न ठेवता: ‘मी त्याला तोंडावर सांगितलं.’ दोन, फजिती: ‘निवडणुकीत पक्ष तोंडावर आपटला.’ तीन, वेळ अगदी जवळ येणं: ‘परीक्षा तोंडावर आलीय.’ या तिसऱ्या अर्थाची गफलत ‘तोंड येणं’ याच्याशी होते. ‘मुलाचं तोंड आलंय’ म्हणजे तोंडात फोड आले आहेत, त्याला तिखट खाववत नाही. घरात मग जाईचा पाला चघळायला देतात किंवा तूप लावतात. ‘मुलाची परीक्षा तोंडावर आलीय’ म्हणजे आता टीव्ही बंद. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘तोंड आलंय’ एवढे दोन शब्द पुरतात, पुढे समजावून सांगावं लागत नाही. इथे क्रियापद ‘आलं’ असं नपुंसकलिंगी राहतं ते पाहून घ्या. पहिली पायरी लगेच कामाला आली.

तोंडचा: घराचं दार, पण घरचं जेवण. तसंच तोंडाचा वास, पण तोंडचा घास. ‘चा’ सामान्यरूपाला न लागता थेट शब्दाला लागला की नातं जवळचं, जवळजवळ मालकीचं होतं. तोंडचा घास म्हणजे जो मिळालाच होता असा घास. त्याचंच मोठं रूप ‘हातातोंडाशी आलेला घास’. काढणीला आलेली द्राक्षं किंवा कांदा अवकाळी पावसाने, गारपिटीने गेला की बातमीत हेच शब्द येतात: हातातोंडाशी आलेला घास हिरावला. हा वाक्प्रचार कुणाच्या दुःखाबद्दलच वापरावा. बस चुकली म्हणून कुणी तो वापरला तर कानाला हलका वाटतो.

तोंडी: हे जुनं सप्तमीचं रूप आहे, घरी, दारी, गावी यांच्यासारखं. याचे अर्थ एकमेकांपासून फार लांब गेलेत. ‘तोंडी परीक्षा’, ‘तोंडी आदेश’ म्हणजे लेखी नसलेलं. ‘हे गाणं सगळ्यांच्या तोंडी आहे’ म्हणजे लोक ते गुणगुणत असतात. ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणजे आपल्या वयापेक्षा, पायरीपेक्षा मोठी गोष्ट बोलणं; मोठ्यांसमोर मत मांडण्याआधी नम्रपणे ‘लहान तोंडी मोठा घास घेतोय’ असं म्हणतात, आणि ते खरोखर उपयोगी पडतं. सभेत, कार्यालयात, सासरच्या बैठकीत, कुठेही.

आणि मग ती जोडी, जी प्रत्येकाने पाठ करावी: तोंडी लागणं आणि तोंडी लावणं. ‘त्याच्या तोंडी लागू नकोस’ म्हणजे त्याच्याशी वाद घालू नकोस, उत्तराला उत्तर देत बसू नकोस. ‘तोंडी लावायला काय आहे?’ म्हणजे भाताबरोबर, भाकरीबरोबर चवीला काय आहे. ‘लाग’ आणि ‘लाव’ यांत एका अक्षराचा फरक, पण एकीकडे भांडण आणि दुसरीकडे लोणचं.

जेवणाच्या पानावर

तोंडी लावणं हा प्रकार पानावर पाहिला की विसरत नाही. पंगतीत केळीचं पान मांडलं की डाव्या बाजूला वरून मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर येते. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भात आणि त्यावर वरण-तूप. डावी बाजू म्हणजे तोंडी लावणं: प्रत्येक पदार्थ चमचाभरच, घासाला चव आणण्यापुरता. तिथलं लोणचं कुणी भाजीसारखं खात नाही. वाढणारा ‘तोंडी लावायला अजून काही देऊ?’ असं विचारतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा चटणीचं किंवा कोशिंबिरीचं भांडं असतं. पापड, सांडगी मिरची, ठेचा हेही याच घरातले. ‘तोंडी लावणं’ हे नाम म्हणूनही चालतं: ‘आज तोंडी लावणं काहीच नाही.’

गोड बातमीबरोबर पेढा देताना ‘तोंड गोड करा’ म्हणतात. याला नुसतं धन्यवाद म्हणून पुढे जाऊ नये, पेढ्याचा तुकडा तरी तोंडात टाकावा, मग अभिनंदन. आणि तुमच्याबद्दल कुणी चांगलं भाकीत केलं, ‘यंदा बढती नक्की’, तर ‘तुमच्या तोंडात साखर पडो’ हे अगदी योग्य उत्तर आहे. नव्या माणसाच्या बोलण्यात हे वाक्य आलं की ऐकणाऱ्याला मनापासून आनंद होतो.

रस्ते, पिशव्या, काळ

ज्याला उघडी बाजू आहे त्याला मराठीत तोंड आहे. बाटलीचं तोंड, पोत्याचं तोंड, विहिरीचं तोंड. गळवाला तोंड पडतं आणि मग पू बाहेर येतो. ‘बोळाच्या तोंडाशी थांबा, मी येतो’ हे रिक्षावाल्याला सांगायचं वाक्य आहे. बोळ जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो ती जागा. घराचं तोंड पूर्वेला असतं, म्हणजे दार त्या दिशेला.

काळालाही कड असते. दिवाळीच्या तोंडावर, पावसाळ्याच्या तोंडावर, निवडणुकीच्या तोंडावर: सुरू व्हायच्या थोडंसं आधी. बातम्या वाचताना हे रूप हरघडी भेटेल. वाद किंवा लढाई सुरू होते तेव्हा तिला ‘तोंड फुटतं’ किंवा ‘तोंड लागतं’. संकटाला मात्र आपण ‘तोंड देतो’, म्हणजे न पळता सामोरे जातो. हे कौतुकाचं बोलणं आहे: ‘दुष्काळाला गावाने एकजुटीने तोंड दिलं.’

जोडशब्द: अर्थाचा अंदाज कुठे चालतो, कुठे नाही

तोंडपाठ, तोंडओळख, तोंडवळा हे सरळ आहेत. पाढे तोंडपाठ असतात. विषयाची तोंडओळख होते, म्हणजे वरवरची माहिती. मुलीचा तोंडवळा आजीसारखा असतो. तोंडभरून कौतुक म्हणजे हात न राखता केलेलं.

पण काही शब्द फसवतात. ‘तोंडसुख घेणं’ यात सुख दिसतं म्हणून कुणी त्याचा अर्थ गोड खाणं असा लावेल. खरा अर्थ आहे एखाद्यावर मनसोक्त टीका करणं, ताशेरे ओढणं. ‘विरोधकांनी मंत्र्यांवर तोंडसुख घेतलं’ असं वाचलं तर सभागृहात गोंधळ झाला असं समजा. तोंडदेखलं बोलणं म्हणजे समोर आहे म्हणून गोड, मनात नसलेलं. तोंडपुजेपणा म्हणजे खुशामत. तोंडपाटीलकी म्हणजे स्वतः काही न करता नुसते हुकूम सोडणं. तोंडघशी पडणं म्हणजे विश्वास ठेवून फजित होणं. आणि तोंडमिळवणी हा जमाखर्चाचा शब्द: महिन्याच्या शेवटी मिळकत आणि खर्च यांची तोंडमिळवणी करताना नाकी नऊ येतात. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. हिशेबाच्या दोन बाजू समोरासमोर आणून मिळवायच्या, हे सगळं त्या एका शब्दात आहे, आणि तो आता बोलण्यातून कमी होत चाललाय. वापरा.

कुठे जपून

हा भाग वाचल्याशिवाय वाक्प्रचार वापरायला घेऊ नका. तोंड हा शब्द स्वतः असभ्य नाही, पण माणसाला उद्देशून आज्ञार्थी बोललं की तो पटकन कडक होतो. ‘तोंड बंद कर’, ‘तोंड सांभाळून बोल’ ही भांडणातली वाक्यं आहेत. ‘करा’, ‘बोला’ असं आदरार्थी केलं तरी ती सौम्य होत नाहीत, उलट धमकीसारखी वाटतात. कुणी मोठ्याने बोलत असेल तर ‘जरा हळू बोलता का?’ एवढं पुरे. डॉक्टरसुद्धा पेशंटला बहुधा ‘आ करा’ म्हणतात.

‘फार तोंड करतो’, ‘तोंड वर करून बोलतो’, ‘तोंडाळ’, ‘फटकळ तोंडाची’ ही सगळी नावं ठेवण्याची भाषा आहे. लहान मुलाला आई म्हणते ते वेगळं, कार्यालयातल्या सहकाऱ्याबद्दल म्हणणं वेगळं. ‘तोंड काळं कर’ हे तर कधीच म्हणू नका, चेष्टेतही नाही. त्यात अपमान आणि त्याहून वाईट सूचना असते. थोबाड आणि मुस्काट हे त्याच अवयवाचे राकट शब्द. त्यांतला मुस्काट तुम्हाला ‘मुस्कटदाबी’ या रूपात अग्रलेखात सभ्यपणे भेटेल, म्हणजे बोलण्यावर दडपण आणणं. तिथे तो चालतो, घरात नाही.

एक म्हण मात्र निर्धास्त वापरा: मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. लोक काय म्हणतील या चिंतेत असलेल्या मैत्रिणीला धीर देताना ही कामी येते. आणि ज्याला त्रास सोसावा लागतोय पण तक्रारही करता येत नाही, त्याच्या हालाला ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतात. भाडेकरू, कंत्राटी कामगार, सासुरवाशिणी, अनेकांच्या बोलण्यात तुम्हाला ती ऐकू येईल. तेव्हा शब्दार्थ विचारत बसू नका, काय झालं ते विचारा.

सराव आणि कोश

रोज मराठी वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि त्यात तोंड कुठे येतं ते शोधा. सापडलं की पूर्ण वाक्य वहीत उतरवा, नुसता शब्द नाही. वहीला पाच पानं राखून ठेवा, तोंडाला, तोंडात, तोंडावर, तोंडचा आणि तोंडी अशी, आणि वाक्य त्या त्या पानावर लिहा. जोडशब्दांना सहावं पान. काही दिवसांत कुठलं पान भरतंय ते दिसेल. बातम्यांवरून केलंत तर बहुधा तोंडावर पुढे राहील, घरातलं बोलणं टिपलंत तर तोंडाला आणि तोंडी.

अडलं तर दोन मोठे कोश हाताशी ठेवा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि वाढवलेली दुसरी १८५७ मध्ये निघाली. आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जो १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडांनी निघाला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. त्यांत एक गोष्ट लक्षात ठेवायची: लेखन जुनं आहे. क्रियापदं देणें, घेणें अशी अनुस्वार देऊन छापलेली दिसतात, कारण हे अनुस्वार नियमाने गेले ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर. ते पाहून तुमचं लेखन बदलू नका. तोंड या शब्दावरचा अनुस्वार मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे, कारण तो उच्चारला जातो. कोशात जुने, आता न वापरले जाणारे वाक्प्रचारही बरेच मिळतील. आवडलेला एखादा वापरण्याआधी आजूबाजूच्या दोन-तीन मराठी माणसांना विचारून घ्या, त्यांना माहीत नसेल तर तूर्त सोडून द्या.

शेवटचं काम घरातल्या किंवा कार्यालयातल्या मराठी माणसाकडून करून घ्यायचं आहे. त्यांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही चुकलात तर त्यांनी हिंदीत किंवा इंग्रजीत वळू नये, चुकलेलं वाक्य पूर्ण दुरुस्त करून पुन्हा म्हणून दाखवावं. ‘माझा तोंड आला’ असं तुम्ही म्हणालात की समोरून ‘माझं तोंड आलंय’ असं आलं पाहिजे, आणि तुम्ही ते लगेच परत म्हणायचं.